कर्नलचं कपाट

आमच्या भावोजींना जेवताना बघणं हा एक ताप आहे. पहिले चार घास ते माणसासारखे बसून खातात. मग उठतात, वाटी हातात घेऊन पुस्तकांच्या कपाटापाशी जातात, एखादं पुस्तक अर्धवट ओढून बघतात, परत ढकलतात, खिडकीपाशी जातात, खाली कोण आलं ते बघतात आणि उरलेलं जेवण घरभर फिरत उरकतात. ताई म्हणते, ‘‘माणसांच्या पायाला भिंगरी असते, आमच्याकडे भिंगरीलाच माणूस चिकटलाय.’’ मी त्यांची मेहुणी. ताईपेक्षा बरीच लहान, पलीकडच्या गल्लीत एकटी राहते आणि एका प्रयोगशाळेत तपासणीसाठी लोकांचं रक्त काढते. दिवसभर सुयांनी टोचायचं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन तोंडाने टोचायचं, असं माझ्याबद्दल भावोजींचं मत आहे. ते काही खोटं नाही.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या निम्म्या उंच इमारती त्यांच्या हातून वर-खाली होतात, आणि स्वतः राहतात ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ताईचे गुडघे दुखायला लागले की ‘दिव्याखाली अंधार’ हे वाक्य तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या जिन्याला ऐकू जातं.

या माणसाला नाद आहे लढायांच्या जुन्या पुस्तकांचा. मोहिमा, वेढे, माघारी, पलटणींचे इतिहास, निवृत्त सेनापतींनी स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या नावावर घालण्यासाठी लिहिलेल्या जाडजूड आठवणी. सगळं जुनं, कोणीतरी वापरलेलं. वाढदिवसाला मी एकदा कोरं पुस्तक नेलं, तर उलटसुलट करून म्हणाले, ‘‘चांगलंय. पण याला अजून काही झालेलंच नाही.’’ स्वतः हा माणूस गल्लीतल्या भांडणातही कधी पडलेला नाही. ताईने आवाज चढवला की ते आतल्या खोलीत जातात आणि शिस्तीत घेतलेली माघार ही सगळ्यात अवघड लष्करी हालचाल असते, असं मला दाराआडून समजावून सांगतात. तरुणपणी ते भरतीला गेले होते. तळपाय सपाट निघाले म्हणून परत पाठवलं. वेड तिथून लागलं का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, ‘‘छे गं. त्या दिवशी परतीची बस चुकली आणि स्टँडसमोर रद्दीचं दुकान होतं.’’

लिफ्टवाल्याला इमारतीची सगळी खबर असते. कोण आजारी आहे, कोण घर बदलतंय, कुणाचा मुलगा येऊन वडिलांचं सामान आवरतोय. सामान खाली न्यायला लिफ्ट लागते आणि लिफ्टला भावोजी लागतात. त्यामुळे वॉचमन मंडळींशी त्यांचं साटंलोटं आहे. ‘‘पाचव्या मजल्यावर पुस्तकं निघतायत,’’ एवढा फोन आला की हातातलं काम टाकून ते रद्दीवाल्याच्या आधी हजर. हत्यारांच्या थैलीत पान्याखाली दोन कापडी पिशव्या घडी घालून कायम ठेवलेल्या असतात. एक नियम मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतलाय. माणूस गेलेल्या घरी आपण होऊन पुस्तकांचा विषय काढायचा नाही. घरच्यांनी काढला तरच. हा नियम ते इतक्या वेळा सांगत, की मला तेव्हाच कळायला हवं होतं, हा त्यांना जड जातोय.

पुस्तक हातात आलं की ते आधी शेवट बघतात. लढायांच्या जुन्या पुस्तकात मागे घडीचा नकाशा असतो आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी फाडून नेलेला असतो. नकाशा जागेवर असला की भावोजींचा चेहरा बदलतो. घड्या ओढून उघडायच्या नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवायचं, हात पुसायचे आणि एकेक घडी बोटांच्या मागच्या बाजूने उलगडायची. ‘‘तुझा हात तरी कधी इतक्या हलक्याने धरला होता का?’’ मी ताईला विचारलं. ‘‘धरला होता की,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा पुस्तकं कमी होती.’’

आणि मग या सगळ्यात कर्नल आले.

कर्नल कधीही कर्नल नव्हते. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ते आरेखक होते, म्हणजे आयुष्यभर टेबलावर वाकून नद्या आणि रस्ते आखायचे. पण मिशी तशी, पाठ ताठ आणि बोलणं हुकमी, म्हणून इमारतीने त्यांना बढती दिली होती. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, दुसऱ्या गावी एक पुतणी, तिचा अधूनमधून फोन. ते आठव्या मजल्यावर राहत. एकदा त्यांची लिफ्ट मधेच अडकली. भावोजींनी वरच्या मजल्यावरून दार उघडून खाली वाकून बघितलं, तर हे गृहस्थ खाली वर्तमानपत्र अंथरून बसलेले, हातात बॅटरी आणि मांडीवर पुस्तक. ‘‘या वर, हात द्या,’’ भावोजी म्हणाले. ‘‘थांबा जरा,’’ कर्नल म्हणाले, ‘‘पूल पडतोय.’’ भावोजी पोटावर पालथे पडून मान लांब करून बघायला लागले, की कुठला पूल. पुस्तक त्यांनी ओळखलं. पुढचा अर्धा तास लिफ्ट तशीच लटकत राहिली आणि हे दोघे वरून-खालून वाद घालत राहिले, की तो पूल आधी उडवायला हवा होता की नंतर. इमारतीच्या सेक्रेटरीने भावोजींच्या कंपनीकडे तक्रार केली होती.

कर्नलच्या घरी एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाने भरलेली होती. प्रत्येक पुस्तकातला नकाशा जागेवर. जिथे कुणी फाडलेला, तिथे कर्नलनी दुसऱ्या प्रतीवरून स्वतःच्या हाताने उतरवून चिकटवलेला. आणि मधल्या फळीवर एका वेढ्याचा दोन खंडांतला इतिहास, दोन्ही खंड धडधाकट. यातला पहिला खंड भावोजींनी आयुष्यात एकदाच बघितला होता, एका वकिलाच्या घरी. हा वकीलही अशीच पुस्तकं जमवतो, पण वाचत नाही, मांडतो. भावोजी त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, जसं काही घरातल्या कुणाच्या व्यसनाबद्दल बोलतायत.

‘‘माझ्यामागे ही सगळी तुमचीच,’’ कर्नल पहिल्याच महिन्यात म्हणाले. ‘‘पुतणी रद्दीत घालेल. पण माझ्यामागे हं. आधी एकही नाही. उसनंसुद्धा नाही. वाचायचं तर इथे येऊन वाचा.’’

त्या दिवशी भावोजी घरी आले ते लग्न ठरल्यासारखे. सगळं सांगून झाल्यावर ताईने सहज विचारलं, ‘‘वय काय हो त्यांचं?’’

‘‘ऐंशी उलटलीत,’’ भावोजी पटकन म्हणाले. ‘‘आणि शुगरही आहे.’’

 ताई चहा टाकायला उठली.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता भावोजी आठव्या मजल्यावर. दोघे नकाशे उघडून कपबशांच्या फौजा हलवत. कर्नल हल्ल्याच्या बाजूचे, भावोजी माघारीच्या. कधी घरी येताना खूष, कधी फणफणलेले. असं काही वर्षं चाललं. मधे भावोजींनी घरातली एक भिंत रिकामी केली. ताईचं शिवणाचं मशीन बाहेरच्या बोळात गेलं आणि भिंतीवर कोऱ्या फळ्या लागल्या. ‘‘कशाला?’’ ताईने विचारलं. ‘‘पुढेमागे लागतील,’’ भावोजी म्हणाले. ताई त्या रिकाम्या फळ्या दर आठवड्याला पुसायची. पुसताना काय विचार करायची ते तिने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या स्वभावात हे बसत नाही, पण नाही विचारलं.

मग एका दुपारी वॉचमनचा फोन आला. कर्नल जिन्यात कोसळले, दवाखान्यात नेलंय. भावोजी कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनखोलीत काम करत होते. दवाखाना माझ्या प्रयोगशाळेच्या जवळ, म्हणून त्यांनी आधी मला कळवलं. मी पोचले तेव्हा कर्नलना ऑक्सिजन लावलेला, डोळे उघडे, चेहऱ्यावर नेहमीची नाराजी. मी त्यांना एकदोनदाच भेटले होते, पण त्यांनी ओळखलं. ‘‘सुईवाली,’’ ते मास्कच्या आतून म्हणाले.

थोड्याच वेळात भावोजी धापा टाकत आले. दुसऱ्यांनी सांभाळलेल्या लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून जिने चढून. कपडे ग्रीसने माखलेले, कपाळावर घाम आणि उजव्या हातात त्या दोन कापडी पिशव्या.

हत्यारांची थैली गच्चीवर टाकून आले होते. तिच्यातून नेमक्या पिशव्या तेवढ्या काढून आणल्या होत्या. फोन आला, इमारतीचं नाव ऐकलं, हाताने सवयीने आपलं काम केलं आणि डोक्याला पत्ताच नाही.

कर्नलनी मास्क बाजूला केला. पिशव्यांकडे बघितलं, मग भावोजींकडे. ‘‘अजून थोडा वेळ लागेल, लिफ्टवाले,’’ ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि नर्स धावत आली.

भावोजी स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जसा तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. ‘‘फळं,’’ ते म्हणाले. ‘‘फळं आणायची म्हणून…’’

‘‘मग फळं कुठायत?’’ मी विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस समोर असला की माझी जीभ आवरत नाही. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी खाली जाऊन खरंच फळं घेऊन आले, त्यांच्याच पिशवीतून.

संध्याकाळी मी ताईला हा किस्सा रंगवून सांगितला. मला वाटलं, ती पोट धरून हसेल. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला सदरा नीट घडी घालून ठेवला आणि भावोजींना म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही त्या माणसाच्या मरणाची वाट बघताय.’’ चिडून नाही. दूध उतू जातंय, हे सांगावं तसं.

‘‘काहीतरीच काय बोलतेस!’’ भावोजी म्हणाले. आणि ते खुर्चीत बसले. बसूनच राहिले. माझ्या आठवणीत हा माणूस इतका वेळ बसलेला नव्हता. मला भीती वाटली.

कर्नल बरे होऊन घरी आले, आणि आमच्याकडचं दुखणं सुरू झालं. भावोजी त्यांची औषधं नेऊन द्यायचे, डॉक्टरकडे घेऊन जायचे, पथ्याचं जेवण ताईकडून डब्यात भरून न्यायचे, त्यांची लिफ्ट कारण नसताना उघडून तेलपाणी करायचे. सेक्रेटरीला वाटलं, कंपनी आता मोठी रक्कम मागणार. एवढं सगळं करून घरी आले की घरात येरझारा. एका संध्याकाळी मला खाली सोडायला आले आणि मधल्या पायरीवर थांबले.

‘‘धाकटे,’’ ते म्हणाले. मला ते असंच हाक मारतात. ‘‘मी कर्नलना औषधं नेऊन देतो, ते कशासाठी?’’

‘‘बरे व्हावेत म्हणून.’’

‘‘नक्की?’’

‘‘आता हे काय नवीन?’’

‘‘काल डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं छान सुधारलीत, आता काळजी नाही. मला आनंद झाला. शपथ घेऊन सांगतो, झाला. पण आनंद व्हायच्या आधी, अगदी जरासा वेळ, पोटात दुसरंच काहीतरी झालं. तुला कळतंय ना, मी काय म्हणतोय?’’

मला कळत होतं. मी म्हटलं, ‘‘भावोजी, मी रोज लोकांचं रक्त तपासायला घेते. आजवर कुणाच्या रक्तात नुसतं चांगलंच सापडलेलं नाही.’’ त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. कुणी नुसतं ‘कर्नल कसे आहेत?’ विचारलं तरी दचकायचे. आवळा देऊन कोहळा काढतोय का मी, हे एकच वाक्य. रद्दीच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचे. वॉचमनचे फोन उचलेनासे झाले. एकदा तर ताईला म्हणाले, ‘‘तू ते बोललीस आणि माझं वाटोळं झालं.’’ ताई म्हणाली, ‘‘मी बोलले नसते तर नसतं झालं?’’ त्यावर ते वाटी घेऊन खिडकीपाशी गेले.

शेवटी एका सकाळी ते तडक आठव्या मजल्यावर गेले आणि कर्नलना म्हणाले, ‘‘साहेब, मला तुमची पुस्तकं नकोत. दुसऱ्या कुणाला द्या.’’

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. कर्नल दाढी करत होते. त्यांनी साबणाच्या तोंडानेच विचारलं, ‘‘का?’’

‘‘मग मी तुमच्याकडे मोकळ्या मनाने येऊ शकेन.’’

कर्नलनी एक गाल पुरा केला. ‘‘वकिलाला देऊ?’’

भावोजी मला म्हणाले, त्या क्षणी कुणीतरी छातीवर गुडघा ठेवल्यासारखं वाटलं. त्या वकिलाने नकाशाची एक घडीसुद्धा उलगडली नसती. पण म्हणाले, ‘‘द्या.’’

‘‘ठीक. मग तुम्हीच करा त्यांना फोन.’’

आणि भावोजींनी फोन केला. वकील ड्रायव्हर आणि खोकी घेऊन दोन दिवसांत आला. ड्रायव्हर पुस्तकं कशीही कोंबायला लागला तेव्हा भावोजींना राहवेना, त्यांनी सगळी पुस्तकं स्वतः भरून दिली. शेवटी त्या वेढ्याचे दोन खंड राहिले. वकील खाली गाडीपाशी होता. भावोजींनी मागचा नकाशा टेबलावर उलगडला, दोघांनी तो उभ्याने बघितला, आणि भावोजींनी एकेक घडी परत घातली. त्यातली एकही घडी चुकली नाही, हे मला त्यांनी मुद्दाम सांगितलं.

‘‘तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं,’’ मी म्हटलं.

‘‘गप गं,’’ ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. नवऱ्याचा अभिमान वाटल्याचं ती कधी बोलून दाखवत नाही, पण त्या दिवशी तिने त्यांच्या जेवतानाच्या येरझारांना बोलसुद्धा लावला नाही. भावोजी हलके झाले होते. ‘‘आता रविवारी बघ कसा जातो,’’ मला म्हणाले. ‘‘हात हलवत. कुणाच्या बापाची भीती नाही.’’

रविवार आला. भावोजींचं डोकं दुखत होतं.

पुढच्या रविवारी कंपनीचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी बोळातलं मशीन परत आत आणायचं होतं, ते काम अर्ध्या तासात झालं, पण दिवस त्याच्या नावावर गेला. मग कर्नलच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली, आणि भावोजींनी कंपनीतल्या जोडीदाराला पाठवलं. ‘‘त्याचं त्या बाजूला काम होतंच,’’ ते म्हणाले. ताईने माझ्याकडे बघितलं आणि दोघींनीही खाली बघितलं. असे किती रविवार गेले, ते मी मोजले नाहीत. भावोजी मोजत असावेत, कारण दर रविवारी चार वाजायच्या सुमाराला त्यांची घरातली चाल वाढायची. स्वयंपाकघर, खिडकी, दार, परत स्वयंपाकघर. ताईने त्या भिंतीवरच्या फळ्यांवर डबे मांडले, तरी ते काही बोलले नाहीत.

एका रविवारी दुपारी मी गेले तेव्हा ताई आत पडली होती आणि हे दारापाशी चपला घालून उभे होते. मला वाटलं, निघालेत. मी आत येऊन पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, तरी हे तिथेच. ‘‘निघताय की आलाय?’’ मी विचारलं.

‘‘जावंसं वाटत नाही गं,’’ ते म्हणाले. आवाज इतका पडलेला की मी उठून जवळ गेले. ‘‘खरं सांगतो, ओढच नाही वाटत. तिथे जाऊन करायचं काय? ते कपाट रिकामं. मग इतकी वर्षं मी त्या माणसाकडे जात होतो, ते काय होतं? वाद घातले, औषधं नेली, रात्रंदिवस काळजी केली. तुझी ताई बोलली तेच खरं होतं. मी गिधाड आहे. पुस्तकं गेली आणि माझी मायाही गेली. आता कुठल्या तोंडाने जाऊ? आधी मन साफ होऊ दे, मग जाईन.’’

मला राग आला. असा राग मला क्वचित येतो. लोकांना वाटतं मी सारखी रागावलेली असते, पण तो नुसता आवाज असतो. हा खरा होता.

‘‘भावोजी,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचं मन साफ आहे की घाण, याच्याशी त्या म्हाताऱ्याला काय देणंघेणं आहे? त्याला रविवारी चहाला माणूस लागतं. आधी तुम्ही लोभी आहात म्हणून तुम्हाला झोप नव्हती, आता माया नाही म्हणून झोप नाही. दोन्हीकडून तुमचंच तुमचं! तुमची तपासणी होऊन रिपोर्ट येईपर्यंत त्याने तिथे एकट्याने बसून राहायचं?’’

आतून ताईचा आवाज आला. ‘‘जा हो तिच्याबरोबर. माझे गुडघे चालत असते तर मीच गेले असते.’’

मी त्यांना दंडाला धरून जिना उतरवला.  इमारतीत वॉचमनने सलाम ठोकला, ‘‘बऱ्याच दिवसांनी, साहेब.’’ लिफ्ट व्यवस्थित चालू होती. आठव्या मजल्यापर्यंत भावोजी तिचा आवाज ऐकत होते, निदान तसं दाखवत होते.

कर्नलनी दार उघडलं. माणूस अर्धा झाला होता, गळ्याची बटणं लावलेली असली तरी कॉलर सैल. सदरा इस्त्रीचा, मिशी कातरलेली. टेबलावर ट्रेमध्ये दोन कप पालथे घालून ठेवलेले. कुणी येणार म्हणून ठेवलेत की नेहमीच असतात, मला विचारवलं नाही. समोरच्या काचेच्या कपाटात काहीही नव्हतं. कागद अंथरलेल्या फळ्या फक्त, आणि कागदांवर पुस्तकांच्या जागा फिक्या उरलेल्या. कर्नल आणि मी बसलो. भावोजी बसले नाहीत. ते खिडकीपाशी गेले, तिथून कपाटापाशी आले, काचेवर हात ठेवला आणि काढला.

 कर्नलनी माझ्या कामाचं विचारलं, मी त्यांच्या साखरेचं विचारलं. मग ते भावोजींच्या पाठीकडे बघून, अगदी सहज म्हणाले, ‘‘या दिवसांत लिफ्टचे फार त्रास निघतात ना सगळीकडे? तुमचीही धावपळ चालली असेल.’’

इतकं सरळ निमित्त त्यांनी हातात ठेवलं होतं. नुसतं ‘हो ना’ म्हणायचं होतं. मला वाटलं, भावोजी घेतील. मीही घेतलं असतं.

भावोजी वळले. ‘‘नाही साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘लिफ्ट चालू होत्या. कामही नव्हतं. पुस्तकं गेली आणि मला यावंसं वाटलं नाही.’’

मला जमिनीत जावंसं वाटलं. आठव्या मजल्यावर तेही शक्य नव्हतं.

कर्नलनी पालथ्या कपांकडे बघितलं. ‘‘ठाऊक होतं मला,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून तर इतकी वर्षं एक पुस्तक उसनं दिलं नाही.’’

‘‘मग ती वकिलाला दिलीत कशाला?’’ मी विचारलं.

‘‘हे आले होते मोठं मन घेऊन. तुमच्याकडे मोकळ्या मनाने येईन म्हणाले. मला आवडलं ते ऐकायला.’’ त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. ‘‘म्हाताऱ्या माणसाला आवडतं असलं काहीतरी. मग रविवारी मी चहाचं पाणी ठेवलं. दोन-तीन रविवार ठेवलं.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच संताप आला. भावोजी तिथेच उभे होते. दोन्ही हात मोकळे, कुठे ठेवावेत ते न कळणारे. मग ते खुर्ची ओढून कर्नलच्या समोर बसले, इतके जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

‘‘आज कशासाठी आलात?’’ कर्नलनी विचारलं.

‘‘हिने ओढून आणलं.’’

‘‘आणि पुढच्या रविवारी?’’

 खोटं बोलायचं नाही म्हणून भावोजी शब्द शोधत होते, ते मला दिसत होतं. ‘‘येईन,’’ ते म्हणाले. ‘‘यावंसं वाटेल की नाही, ते नाही सांगू शकत. पण येईन.’’

‘‘वाटणंबिटणं राहू द्या,’’ कर्नल म्हणाले. ‘‘चार वाजता या.’’